खोबरेल चालतं का?

ताल्मूदचं पान मी पहिल्यांदा समोर घेतलं तेव्हा त्यावर वातींची यादी होती. देवदाराच्या सालीआतला तंतू, जवसाच्या काडीचा न विंचरलेला धागा, रेशमाच्या कोशाचा टाकाऊ भाग, वाळुंजाची अंतर्साल, वाळवंटातली कुठलीशी वनस्पती, पाण्यावर तरंगणारं हिरवं शेवाळ. यांतल्या कशाचीही वात शब्बाथच्या दिव्याला चालत नाही. खाली इंधनांची यादी: डांबर, मेण, एरंडेल, मेंढीच्या जाड शेपटीची चरबी, जनावराच्या पोटातली चरबी. हेही चालत नाही. मिश्ना म्हणजे ताल्मूदचा मूळ नियमांचा भाग; त्यातल्या ‘शब्बाथ’ या ग्रंथाचा दुसरा अध्याय असा सुरू होतो. मला मात्र एकच गोष्ट विचारायची होती. हनुक्काच्या दिव्यात खोबरेल चालतं का?

प्रश्न साधा होता, पण माझ्यासाठी जिव्हाळ्याचा होता. मी बेने इस्राएल, कोकणातल्या ज्यू समाजातली. ठाण्यात वाढले, आजोळ अलिबागजवळचं. आमच्या पूर्वजांचं जहाज नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलं आणि वाचलेल्यांनी कोकणात तेलाचे घाणे घातले, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. तेल काढणाऱ्यांच्या घरातली मी. आजीकडे हनुक्काचा दिवा होता तो लाकडी फळीचा. फळीवर पितळेच्या कड्या, कड्यांत काचेचे छोटे पेले, आणि पेल्यांत खोबरेल. आजी संध्याकाळी कापूस ओढून, ओलसर बोटांनी वाती वळायची आणि आम्हा मुलांना पेले पुसायला बसवायची. जेरुसलेमला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात इमारतीतल्या एका शेजारणीने मला सांगितलं, हनुक्काला ऑलिव्हचंच तेल लागतं, दुसरं चालत नाही. त्या अगदी प्रेमाने सांगत होत्या. मी घरात येऊन दार लावलं आणि मनात पहिला विचार आला तो आजीचा. इतकी वर्षं तिने लावलेले दिवे मग काय होते?

म्हणून मी आमच्या वस्तीत बायकांसाठी दर आठवड्याला चालणाऱ्या अभ्यासवर्गात जाऊन बसले. शिकवणाऱ्या रब्बानीत वयस्कर आहेत, हळू बोलतात आणि कुठल्याही प्रश्नाला थेट उत्तर देत नाहीत. पान उघडतात आणि वाचायला लावतात. खोबरेलाचा प्रश्न विचारला तर त्यांनी ही यादी उघडली. मी म्हटलं, ही तर शब्बाथच्या दिव्याची आहे, मला हनुक्काचं हवंय. त्या म्हणाल्या, आधी हे कळल्याशिवाय ते कळायचं नाही.

तेव्हा आधी शब्बाथ, आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरात दिवा लावायचा तो उजेडासाठी. त्या उजेडात जेवायचं, एकमेकांचे चेहरे बघायचे. शब्बाथ लागला की आगीला हात लावायचा नाही: पेटवायचं नाही, विझवायचं नाही, वात सारायची नाही, तेल वातीकडे यावं म्हणून दिवा कलंडायचासुद्धा नाही. आता दिव्यात तेल वातीतून नीट चढत नसेल, किंवा वातच अशी असेल की ज्योत तिला धरून न राहता इकडेतिकडे उड्या मारते, तर समोर बसलेल्या माणसाचा हात सवयीने दिव्याकडे जाणार. तो जाऊ नये म्हणून ही यादी. गमारात, म्हणजे ताल्मूदमधल्या मिश्नावरच्या चर्चेत, रब्बा यांनी हे दोन वाक्यांत सांगितलंय: वाती नाकारल्या त्या ज्योत अस्थिर होते म्हणून, तेलं नाकारली ती वातीत ओढली जात नाहीत म्हणून.

वाचून मला पटलं, पण दिसलं नव्हतं. पुढच्या वर्गाला रब्बानीत स्टीलच्या ताटात तीन काचेचे पेले घेऊन आल्या. एकात ऑलिव्हचं तेल आणि कापसाची वात. दुसऱ्यात औषधाच्या दुकानातलं एरंडेल आणि तशीच कापसाची बारीक वात. तिसऱ्यात पुन्हा ऑलिव्हचं तेल, पण वात मी आणलेल्या काथ्याची. कुंडीच्या अस्तरातून उपटून मी ती वळली होती, कारण देवदाराची अंतर्साल आणायची कुठून. पहिला पेला लावला तसा जळत राहिला. पिवळी, टोकाला निमुळती ज्योत, हलली नाही. एरंडेलाची ज्योत आधी बरी उभी राहिली, मग वातीतलं भिजलेलं तेल संपलं आणि ती खाली बसली. दाट तेल वर चढायला वेळ घेत होतं, ज्योत बारीक होऊन थांबली होती. काथ्याचा प्रकार निराळाच. तो तेल पीतच नव्हता. धागे एकेक करून जळत, ज्योत एका धाग्यावरून दुसऱ्यावर जाई, मध्येच तडतड होऊन ठिणगी उडे, आणि थोड्याच वेळात काळं टोक उरलं. माझा हात नकळत वात सरकवायला पुढे झाला. रब्बानीत काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त माझ्या हाताकडे बघितलं. पूर्ण अध्याय मला त्या क्षणी कळला.

एरंडेलाबद्दल एक गंमतीची चर्चा गमारात आहे. यादीतलं ते तेल नेमकं कशाचं, यावरच एकमत नाही. शमुएल म्हणतात, समुद्राकाठच्या गावांतल्या एका पक्ष्याचं. दुसरे एक पंडित म्हणतात सरकीचं. रेश लाकीश म्हणतात, संदेष्टा योना याच्या डोक्यावर सावली धरणाऱ्या झाडाचं, म्हणजे एरंडाचं. शेवटचा अर्थ रूढ झाला.

या अध्यायात पुढे जे येतं त्याने मात्र मी थांबले. चालणाऱ्या तेलांचा विषय निघतो तेव्हा रब्बी तारफोन म्हणतात, फक्त ऑलिव्ह. ते ऑलिव्हच्या देशात राहणारे. यावर रब्बी योहानान बेन नूरी उठून उभे राहतात. गमाराने ते ‘उभे राहिले’ हे मुद्दाम नोंदवलंय. ते विचारतात, बॅबिलोनच्या लोकांनी काय करायचं, त्यांच्याकडे तिळाचंच तेल आहे. मिडियाच्या लोकांकडे अक्रोडासारख्या फळांचं आहे. अलेक्झांड्रियाकडे मुळ्याच्या बियांचं. आणि कप्पादोकियात तर यातलं काहीच नाही, नुसतं जमिनीतून निघणारं नाफ्ता आहे. निर्णय असा झाला की नाकारलेल्यांची यादी सोडून बाकी सगळी तेलं चालतात. तीळ, अक्रोड, मुळा, मासा, भोपळा, सगळी. ज्याच्या गावात जे पिकतं त्याने त्याचा दिवा लावावा, आणि तो दिवा पूर्ण धरला जावा, एवढ्यासाठी एक माणूस भर सभेत उभा राहिला. त्यांना कोकण ठाऊक असायचं कारण नाही. पण ते ज्यांच्यासाठी बोलले त्यांत मी आजीला बसवलं, आणि ते चूक आहे असं मला कोणी सांगितलं नाही.

मग हनुक्का. मराठी वाचकांसाठी थोडक्यात सांगते. सिरियाचा ग्रीक राजा चौथा अँटिओकस याने जेरुसलेमचं मंदिर भ्रष्ट केलं. यहूदा मक्काबी आणि त्याच्या भावांनी लढून ते परत मिळवलं, आणि इ.स.पू. 164 मध्ये किस्लेव्ह महिन्याच्या 25 तारखेला ते पुन्हा शुद्ध करून वाहिलं. ताल्मूद सांगतं की मंदिरातली सगळी तेलं विटाळली होती; महायाजकाची मोहर असलेली एकच कुपी सापडली, एका दिवसापुरती. ती आठ दिवस जळली. त्या तेलाचे नियम अतिशय कडक होते. ते ऑलिव्हचंच हवं, तेही फळ कुटून आलेलं पहिलं, दगडाखाली दळून नंतर आलेलं नव्हे. मेनाखोत या ग्रंथात त्याच्या प्रती दिल्या आहेत. झाडाच्या शेंड्याला पिकलेल्या फळांचं तेल आधी, आणि तकोआ गावचं सर्वांत उत्तम. प्रत्येक दिव्यात किती तेल घालायचं हेही ठरलेलं: हिवाळ्यातल्या सर्वांत लांब रात्रीला पुरेल इतकं.

चमत्कार ऑलिव्हच्या तेलाचा, मंदिरातला नियम ऑलिव्हचा. म्हणजे शेजारीण बरोबर होती असंच कोणालाही वाटेल. मला तर खात्रीच झाली होती. आणि तिथे पान उलटलं तर तीन पंडितांची तीन मतं.

रव्ह हुना म्हणतात, शब्बाथला जी तेलं आणि वाती नाकारल्या त्या हनुक्कालाही नकोत, शब्बाथ असो वा साधा वार. रव्ह हिस्दा म्हणतात, साध्या वारी चालतील, शब्बाथला नाही. तिसरं मत नुसत्या ‘रव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आचार्यांकडे जातं: साध्या वारी चालतील आणि शब्बाथलाही चालतील. एक दिवा आणि तीन उत्तरं! मला वाटलं, इथे ज्याने त्याने आपल्या मनाचं सांगितलंय. रब्बानीतांनी कागदावर दोन प्रश्न लिहून दिले. हनुक्काचा दिवा मध्येच विझला तर तो पुन्हा लावणं बंधनकारक आहे का? आणि त्या दिव्याच्या उजेडात आपलं काम करायला परवानगी आहे का? म्हणाल्या, घरी जा आणि या दोन प्रश्नांवर तिघांना बसव.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी ते करत बसले. विझल्यावर पुन्हा लावणं बंधनकारक असेल, तर विझण्याची शक्यता असलेलं तेल कुठल्याच दिवशी नको, कारण माणूस विझलेल्या दिव्याकडे दुर्लक्ष करील. हे रव्ह हुना. बंधनकारक नसेल, पण उजेड वापरायला परवानगी असेल, तर साध्या वारी काही बिघडत नाही. शब्बाथला मात्र माणूस त्या उजेडात बसेल आणि दिवा कलंडेल. हे रव्ह हिस्दा. आणि बंधनकारकही नसेल, उजेड वापरायलाही मनाई असेल, तर दिवा कलंडायचं कारणच उरत नाही. त्याच्याजवळ कोणी काम करत नाही, तो नुसता बघायचा आहे. मग कुठलंही तेल, कुठलीही वात, कुठल्याही रात्री. हे रव्ह. दोन प्रश्नांची उत्तरं बदलत जातात तसतशी मतं जागच्या जागी बसतात. शाळेत भूमितीचं प्रमेय सुटल्यावर वाटायचं तसं मला त्या रात्री वाटलं. मनाचं कोणीच काही सांगत नव्हतं.

निर्णय रव्ह यांच्या बाजूने लागला. तोही सहज नाही. अबाये यांनी हे मत आधी रब्बी यिर्मिया यांच्या नावाने ऐकलं तेव्हा स्वीकारलं नव्हतं. नंतर रव्हीन यांनी तेच इस्राएलमधले रब्बी योहानान यांच्या नावाने आणलं तेव्हा स्वीकारलं, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच का घेतलं नाही याची त्यांना हळहळ वाटली. दीड हजाराहून जास्त वर्षांपूर्वीच्या पंडिताची हळहळ ग्रंथात जपून ठेवलेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

योसेफ कारो यांचा ‘शुल्खान आरुख’ हा धर्मनियमांचा ग्रंथ 1565 मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्याचं 673वं प्रकरण सुरू होतं ते याच निर्णयाने: हनुक्काच्या दिव्याला सगळी तेलं आणि सगळ्या वाती योग्य आहेत, तेल वातीत नीट ओढलं जात नसलं तरी. शब्बाथच्या रात्रीसुद्धा. क्राकोवचे मोशे इस्सर्लेस त्यावर टीप देतात की ऑलिव्ह सर्वांत उत्तम. ते नसेल तर ज्याचा उजेड स्वच्छ पडतो ते. आणि आमच्या देशांत मेणबत्त्या लावायची रीत आहे. शब्बाथच्या यादीत नाकारलेलं मेण पोलंडमध्ये हनुक्काला रीतसर चाललं. आज जगभर बहुतेक घरांत मेणबत्त्याच असतात.

म्हणजे माझं उत्तर मिळालं होतं. मी आईला फोन लावला.

“आई, आजी खोबरेल का घालायची गं?”

“अगं, घरात तेच असायचं. दुसरं काय घालणार?”

“ते चालतं. पूर्ण चालतं. पुस्तकात आहे.”

आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजीला कोणी विचारलंच नव्हतं कधी.” आणि मग तिने सांगितलं की आपल्याकडे हनुक्का तसा उशिराच आला. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी आमच्या समाजाचा इतिहास लिहिला, तो 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात हा मुद्दा आहे. आमचे पूर्वज मंदिर पुन्हा वाहिलं जाण्याच्या आधीच निघाले, म्हणून हा सण त्यांच्याबरोबर आला नाही, असं परंपरा सांगते. पुढे कोचीनच्या आणि इतर ज्यू लोकांच्या सहवासात तो आमच्या घरांत आला. तोवर आमच्या बायका शेजारणींसारख्याच वाती वळायला शिकल्या होत्या. दिवा नव्याने लावला तो आपल्या घाण्याच्या नाहीतर आपल्या माडाच्या तेलाने.

चालतं, हे कळल्यावरही ‘उत्तम’ या शब्दाने मला सोडलं नाही. ऑलिव्ह उत्तम का? मला वाटलं होतं चमत्कारामुळे. ते कारण नंतरच्या ग्रंथांत आहे. पण गमारात रब्बी येहोशुआ बेन लेवी यांचं म्हणणं आहे की दिव्याला सगळी तेलं चांगली, ऑलिव्ह सर्वांत चांगलं. आणि त्याला जोडून अबाये आपल्या गुरूंची, रब्बा यांची, आठवण सांगतात. रब्बा आधी तिळाचं तेल शोधायचे, कारण ते जास्त वेळ जळतं. हे वचन कानावर आल्यापासून ऑलिव्ह शोधू लागले, कारण त्याचा उजेड जास्त स्वच्छ. इथे मंदिराचं नाव नाही, कुपीचं नाव नाही. बॅबिलोनचा एक विद्वान दिव्यासमोर बसून बघतो आहे, हे किती वेळ जळतं, ते कसं दिसतं. तीळ गाळणाऱ्यांच्या कुळात जन्मलेल्या मला रब्बा यांचं पहिलं मतही आपलंच वाटलं.

वातींबद्दल हनुक्काचे नियम फार थोडे आहेत. कापूस किंवा जवसाचं सूत उत्तम, बाकी काहीही चालतं. शुल्खान आरुखात एक गोष्ट अशी आहे की वाचून आजीच्या हातांची आठवण झाली: वात रोज बदलायची गरज नाही, संपेपर्यंत तीच वापरावी. आजी तेच करायची. एकदा जळलेली वात दुसऱ्या दिवशी चटकन पेट घेते, हे दिवा लावणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत असतं.

मग माझ्याजवळच्या मातीच्या पणत्या. येताना ठाण्याच्या शेजारच्या काकूंनी दिल्या होत्या, त्यांची रांग लावावी असं मनात होतं. इथे अडचण निघाली. मातीचा दिवा एक रात्र जळला की तो ‘जुना’ झाला, दुसऱ्या रात्री नवा घ्यावा. नवा नसेल तर जुना आगीत पुन्हा भाजून काढावा. कारण तेल पिऊन मातीचा दिवा काळपट आणि कळकट होतो, आणि सणाचा दिवा तसा नसावा. पहिल्या रात्री एक, मग रोज एक वाढवत आठव्या रात्री आठ, असे एकूण 36 दिवे होतात. तेवढ्या नव्या पणत्या मी कुठून आणणार? काच, धातू किंवा चकाकी दिलेलं भांडं असेल तर नवं लागत नाही. आजीचे काचेचे पेले आम्ही मुलं रोज पुसायचो ते बरोबर होतं.

समईबद्दल मी वर्गात चित्र काढून विचारलं. पाच वाती, खाली एकच तेलाची वाटी. ताल्मूदमध्ये जवळजवळ हाच प्रश्न आहे! एका वाडग्यात तेल भरून कडेने वाती लावल्या आणि वरून भांडं झाकलं, तर प्रत्येक वात स्वतंत्र दिवा. झाकलं नाही, तर सगळं मिळून शेकोटी, एकासाठीसुद्धा दिवा होत नाही. मात्र दोन तोंडांचा दिवा दोन माणसांसाठी चालतो. ज्योती वेगवेगळ्या दिसायला हव्यात आणि वर्तुळात नकोत, असा मथितार्थ. जवळ जवळ वाती असलेली गोल समई त्यामुळे हनुक्काला घेऊ नये, असं रब्बानीत म्हणाल्या.

शुक्रवारची रात्र मला सर्वांत अवघड गेली. जेरुसलेमची रीत अशी की शब्बाथचे दिवे सूर्यास्ताच्या 40 मिनिटं आधी लागतात. हनुक्काचे त्याच्याही आधी लावायचे, कारण शब्बाथ स्वीकारल्यावर काडी ओढता येत नाही. आणि हनुक्काचा दिवा रात्र पडल्यावर अर्धा तास तरी जळायला हवा. हिशेब केला तर दीड तासाच्या वर तेल लागतं. बाजारातल्या छोट्या मेणबत्त्या निम्म्यातच संपतात. तेल लावतानाच पुरेसं हवं, कारण या सणाचं कर्तव्य दिवा लावण्याच्या क्षणी पुरं होतं. पुरेसं तेल घालून लावला आणि वाऱ्याने विझला, तर कर्तव्य झालंच. कमी तेलाने लावला आणि नंतर वरून ओतलं, तर झालं नाही. इथले लोक दाराबाहेर काचेच्या पेटीत दिवे ठेवतात ते वाऱ्यासाठी.

आणि खोबरेल? डिसेंबरच्या जेरुसलेममध्ये ते बाटलीत पांढरं, घट्ट बसलेलं असतं. 24 अंशांच्या खाली गेलं की ते गोठतं आणि आमचं स्वयंपाकघर तेवढं उबदार नसतं. हे मला नवीन होतं. अलिबागला आजीचं तेल दिव्यात कधी गोठलेलं मी पाहिलं नाही. इथे दुकानांत गोठवलेल्या ऑलिव्ह तेलाचे तयार पेले मिळतात, त्यांच्याबद्दल हाच प्रश्न रब्बींना विचारला गेला आहे. जळताना ते पातळ होऊनच वातीत चढतं म्हणून बऱ्याच जणांनी ते मान्य केलंय. मी बाटली कोमट पाण्यात धरून तेल वितळवलं, पेल्यात ओतलं, वात त्यात बुडवून काढली. कडेने तेल पुन्हा पांढरं धरू लागलं होतं, पण वातीभोवती ज्योतीने आपलं छोटं तळं करून घेतलं आणि ती शेवटपर्यंत स्थिर राहिली.

सगळ्यात शेवटी रब्बानीतांनी रामबाम (मायमोनिडीस) यांच्या धर्मसंहितेतला हनुक्काचा शेवटचा भाग वाचायला दिला. त्यात दोन नियम जवळजवळ येतात. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने मागून आणावं किंवा अंगावरचं वस्त्र विकावं, पण हनुक्काचं तेल घ्यावं. आणि ज्याच्याकडे एकाच दिव्यापुरते पैसे आहेत, हनुक्काचा की घरातला असा प्रश्न आहे, त्याने घरातला लावावा. घरात माणसं अंधारात चाचपडत राहिली तर घरचं सुख राहत नाही, आणि ते सुख मोठं. इतका लाडका सण, आणि तो घरातल्या उजेडासाठी एक पाऊल मागे सरतो. या एका नियमासाठीसुद्धा हा अभ्यास करावा असं मी प्रत्येकीला सांगेन.

आता मी ऑलिव्हचे दिवे लावते, कारण ते मिळतं आणि त्याचा उजेड खरंच स्वच्छ पडतो. एक रात्र खोबरेलाची ठेवते. आपल्याकडे ठाण्यात, अलिबागला, पेणला कोणी मुलगी आजीच्या पेल्यांकडे बघून विचारत असेल तर तिला सांगा: खोबरेल चालतं, तिळाचं चालतं, शेंगदाण्याचंही चालतं. थंडी असेल तर आधी वितळवून घ्या. वात कापसाची घ्या आणि तेलात पूर्ण भिजू द्या. रात्र पडल्यावर अर्धा तास पुरेल एवढं तेल काडी ओढायच्या आधी ओता, शुक्रवारी त्याहून बरंच जास्त. आठव्या रात्री पेल्यात उरलेलं तेल स्वयंपाकाला घेऊ नका, ते जाळून टाका; बाटलीत उरलेलं मात्र खुशाल वापरा.